गौतमी, सुई आणि सायीचा डबा

गौतमीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला आठ हात होते. एका हातात म्हशीचं दावं होतं, दुसऱ्यात स्कूटरचं हँडल, तिसऱ्यात दुधाचा कॅन. चौथ्या हाताने तिने मोबाइल कानाला लावला होता आणि सूसच्या कुठल्याशा सोसायटीतल्या बाईंना ती सांगत होती की दूध पातळ नाही, तुमचं पातेलं मोठं आहे. पाचव्या हाताने तिने मला 'थांबा' अशी खूण केली. मग माझ्याकडे अर्धवट पाठ फिरवून सहाव्या हाताने कुर्त्याचं टोक उचललं, सातव्याने काहीतरी चिमटीत धरलं आणि आठव्या हातातली सुई स्वतःच्याच पोटात खुपसली. त्या पोटात सहा महिन्यांचं बाळ होतं हे ती वळली तेव्हा कळलं.

मी खाली बसलो. बसलो हे माझं म्हणणं. घरमालकीण लीलाबाई आजही सांगतात की मी पडलो, आणि पडताना शेणाच्या पाटीला मिठी मारली. म्हशीने शरमेने तोंड फिरवलं.

"खोली बघाया आलाय व्हय, काका?" गौतमी सुईला टोपण लावत म्हणाली. "खोली हाय. पर ह्ये रोज चार येळा बघावं लागंल. जमंल का?"

पुण्यातला फ्लॅट मुलाला देऊन, शांतपणे विनोदी लेखन करायला म्हणून मी मुळशीतल्या भरे गावात खोली शोधत होतो. शांतता त्या घरात औषधालाही नव्हती, पण उठायला कुणीतरी हात देईपर्यंत मी तिथेच होतो आणि तो हात गौतमीने दिला. त्यानंतर खोली नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

घरात माणसं तीन. लीलाबाई, म्हणजे सासूबाई. सगळ्या गावाशी भांडू शकणाऱ्या आणि सगळ्या गावाला जेवू घालणाऱ्या. त्यांचा मुलगा शंभू, पिरंगुटच्या एका कारखान्यात मशिनवर. लोखंडाच्या पत्र्याला भोकं पाडणं हे त्याचं काम, पण बायकोने सुई काढली की तो गोठ्यात जाऊन म्हशींची विचारपूस करायचा. आणि गौतमी. जमीन थोडी विकली होती, थोडी उरली होती, चार खोल्या भाड्याने दिल्या होत्या, पण घर खऱ्या अर्थाने चालत होतं ते म्हशींवर आणि म्हशी चालत होत्या गौतमीवर. सकाळी धार काढून, स्कूटरला कॅन अडकवून ही बाई सूसला जायची आणि लिफ्टने वर-खाली करत दूध वाटायची. सोसायटीतल्या बायका तिच्याशी भाव करायला जायच्या आणि परत येताना तूपही विकत घेऊन यायच्या.

आता सुईची गोष्ट. ती मला गौतमीने कधीच सांगितली नाही. लीलाबाईंनी सांगितली, एकदाच, आणि तीही माझ्याकडे न बघता लसूण सोलत.

याआधी एक बाळ होतं. आठव्या महिन्यात पोटातच गेलं. चांगलं मोठं बाळ होतं. पोटाचा घेर बघून गावाने लीलाबाईंचं कौतुक केलं होतं, सून कशी राखली म्हणून. लीलाबाईंनी राखलीच होती. रोज सकाळी साजूक तुपातला शिरा, दुपारी खीर, संध्याकाळी लाडू. रक्तातली साखर त्या वेळी कुणी तपासलीच नाही. ती कळली नंतर, सगळं झाल्यावर.

या खेपेला दिवस राहिले तशी गौतमी स्वतःच स्कूटर काढून पुण्याच्या दवाखान्यात गेली आणि डॉक्टर मॅडमना म्हणाली, "आदी साखर बघा. बाकीचं मागनं." साखर निघाली. आधी जेवणाचं पथ्य झालं, मग चालणं झालं, तरी आकडे उतरेनात तेव्हा मॅडमनी इन्सुलिन सांगितलं. शंभू तिथेच खुर्चीवर घामाघूम झाला. गौतमीने फक्त एकच विचारलं: "ह्यानं बाळाला काय हुतंय का?" मॅडम म्हणाल्या, इन्सुलिन बाळापर्यंत पोचत नाही, त्रास होतो तो वाढलेल्या साखरेने. "मग द्या की," गौतमी म्हणाली, "म्हशीला मी रोज टोचून घेतीया, मला काय धाड भरलीया!"

म्हशीला टोचतो तो पशुवैद्य, हे खरं. पण गौतमीला वाक्याच्या जोरापुढे असल्या किरकोळ तपशिलाची पर्वा नसे.

या बाईने जी शिस्त लावून घेतली ती पाहून मी माझ्या आयुष्याबद्दल विचार करायचं सोडून दिलं, कारण तो विचार फार खाली नेणारा होता. जेवणाआधी सुई, जेवणानंतर बोटाला टोचून साखर, ताटात भाकरी मोजून, भात चवीपुरता, पालेभाजी डोंगराएवढी. सकाळची सुई आणि सकाळची न्याहारी सूसला व्हायची, कारण सुई घेतल्यावर खाणं लांबवता येत नाही आणि दूधही लांबवता येत नाही. एका सोसायटीच्या फाटकाशी पायरीवर बसून, ओढणी पसरून ती सुई घ्यायची आणि डबा उघडायची. तिथे नवीन आलेल्या वॉचमनने एकदा सुई बघितली आणि तो काठी आपटत आला.

"मॅडम, यहाँ ये सब नहीं चलेगा. पुलिस बुलाऊँगा."

"बुलाव," गौतमी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "उनको भी दूध लगता होगा. हम दूध देता है, सुई लेता है, भाकरी खाता है. तुम क्या लेता है? तंबाकू? थूक पहले."

वॉचमनने थुंकली. पुढे तो तिच्यासाठी लिफ्ट अडवून धरायला लागला.

या सगळ्या शिस्तीला घरात एकच विरोधी पक्ष होता. लीलाबाई. त्यांना सुईचं वाईट वाटत नव्हतं, वाईट वाटत होतं डोहाळ्यांचं. पोटुशी बाई, आणि तिला गोड नाही! "डोहाळं ऱ्हायलं की लेकराची लाळ गळतीया," हे त्या जो भेटेल त्याला सांगायच्या. मला सांगायच्या, शेजाऱ्यांना सांगायच्या, गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याला सांगायच्या. "आमच्या चुलतजावंला आंब्याचं डोहाळं हुतं. आंबा मिळाला न्हाई. तिचा पोरगा आता तलाठी हाय, पर अजून बोलताना रुमाल लागतोय."

"आत्याबाई," गौतमी म्हणायची, "डोहाळं तुमचं हायेत का माझं? मला ठेचा खावासा वाटतोय. मला गोड नगंच वाटतंय."

"तोंड नगं म्हनतंय. पोटातलं मागतंय. मला ऐकाया येतंय."

यात एक पळवाट मात्र लीलाबाईंना सापडली होती. मॅडमनी सांगितलं होतं की साखर कधी जास्त उतरली, हातपाय कापले, घाम फुटला, तर लगेच गोड काहीतरी द्यायचं. तेव्हापासून लीलाबाईंनी पदराच्या गाठीला गुळाचा खडा बांधला आणि त्या सुनेच्या मागे मांजरासारख्या फिरू लागल्या. गौतमीने नुसतं कपाळ पुसलं तरी यांचा हात गाठीकडे. "कापतंय का गं? वाईच कापतंय का?" या प्रश्नात काळजी किती आणि आशा किती हे सांगणं कठीण होतं. एकदा खरंच कापरं भरलं, तेव्हा मात्र म्हातारीने अर्धा निमिष न दवडता गूळ तिच्या तोंडात घातला आणि हात धरून बसून राहिली. पंधरा मिनिटांनी तपासलं, साखर ठीक. लीलाबाई गोठ्यात जाऊन डोळे पुसून आल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "बघा, कसा आवडीनं खाल्ला."

सातवा महिना सरत आला आणि एका वाऱ्यावादळात विजेचे खांब आडवे झाले. दोन दिवस गावात वीज नव्हती. पाण्याच्या मोटारी बंद, मोबाइल बंद, फ्रीज बंद. तिसऱ्या दिवशी वीज आली आणि सगळं पूर्ववत झालं, एक सोडून. गौतमीची साखर चढायला लागली.

आधी थोडी, मग बरीच. कधी नव्हे ते दीडशेच्या पुढे, मग दोनशेच्या घरात. जेवण तेच, सुई तीच, चालणं तेच. मॅडमना फोन झाला. त्यांनी डोस वाढवला. साखर आणखी चढली. मॅडमनी विचारलं ते कुठल्याही डॉक्टरने विचारलं असतं: "काय खाल्लंस?"

"काय न्हाई खाल्लं, मॅडम."

"गौतमी, मागच्या वेळचं लक्षात आहे ना? दोन दिवसांत उतरली नाही तर अॅडमिट व्हायचं."

मागच्या वेळचं कुणाच्या लक्षात नव्हतं! हे तेच दिवस होते. मागचं बाळ आठव्यात गेलं होतं आणि आठवा उद्या-परवावर आला होता. गौतमी त्या दिवशी दुधाचे कॅन घासताना पोटावर हात ठेवून थांबायची, आत हालचाल झाली की पुन्हा घासायला लागायची. मी खिडकीतून बघत होतो. मला त्या दिवशी एकही विनोदी ओळ सुचली नाही.

घरात मात्र चौकशी समिती बसली. अध्यक्ष शंभू. त्याचा पहिला संशय आईवर.

"आये, खरं सांग. शिरा घातलास का?"

"म्हशीची आण," लीलाबाई म्हणाल्या. त्या घरात याच्यावर शपथ नव्हती. "नखाएवढंबी घातलं न्हाई. ह्या काकांनी दिलं आसंल काय तरी. पुण्याचं लोक. कागदात गुंडाळून आनत्यात."

माझ्या खोलीची झडती झाली. उशीखाली आंबावडीचा पुडा सापडला. तो माझ्यासाठी होता, याला साक्षीदार नव्हता. पुड्यातल्या वड्या मोजल्या गेल्या, दुकानाच्या मापाशी ताडून बघितल्या गेल्या, आणि कमी निघालेल्या सगळ्या वड्या मीच खाल्ल्या हे माझ्या पोटाकडे बघून मान्य करण्यात आलं. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत अपमानास्पद निर्दोष सुटकेचा प्रसंग.

गौतमी या समितीत बसलीच नाही. ती ओट्यावर शांत बसली होती. सगळे बोलून दमल्यावर म्हणाली, "मी काय खाल्लं त्ये मला म्हायती हाय. मी खाल्लं न्हाई. मंग माझ्यात खोट न्हाई. औषधात हाय."

कुणाला तरी लबाड ठरवणं सोपं असताना तिने सगळ्यांना, आणि स्वतःलाही, खरं मानलं. मग जे उरलं त्याच्याकडे ती गेली. फ्रीज उघडला. दारातल्या कप्प्यात इन्सुलिनच्या बाटल्यांची खोकी नेहमीच्या जागी होती. तिने एक खोकं हातात घेतलं, फिरवलं, उजेडात धरलं. पुठ्ठा पाणी पिऊन फुगला होता. मग तिने त्याचा कोपरा नखाने खरवडला आणि नख नाकाशी नेलं.

"साय," ती म्हणाली.

आता हे इथल्या दूधवाल्यांच्या घरांबाहेर कळायचं नाही, म्हणून सांगतो. लीलाबाईंच्या घरात साय एकाच ठिकाणी असते: फ्रीजरमध्ये, झाकणाच्या मोठ्या डब्यात. रोजच्या दुधाची साय तिथे साठते आणि आठवड्याने तिचं लोणी होतं. फ्रीजर हा त्या घराचा गाभारा आहे. तिथे भाजी जात नाही, बर्फही जात नाही. जे सर्वांत मौल्यवान तेवढंच तिथे जातं.

"आत्याबाई," गौतमीने हळूच विचारलं, "बाटल्या वर ठेवल्या हुत्या का?"

लीलाबाईंचा चेहरा उजळला. कुणीतरी एकदाचं विचारलं! "व्हय तर! लाइट गेल्ती न्हवं का, दोन दिस समदं गरम. म्हनलं, औषिद इटलं आसंल. मंग लाइट आली तशी रोज रातच्याला सायीच्या डब्याला लावून ठिवत हुते. दगडावानी गार व्हायाचं. सकाळी तू उठायच्या आदी खाली दारात ठिवायची, तुला तरास नगं म्हनून. लई जपलं बघ."

शंभूने तोंड उघडलं आणि गौतमीने नुसतं त्याच्याकडे बघितलं, तसं ते मिटलं.

इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं. वितळल्यावर दिसतं तसंच, पण त्यात जोर राहत नाही. इतके दिवस ती स्वतःला टोचून घेत होती ते जवळजवळ पाणीच होतं. लीलाबाईंना हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या खाली बसल्या. गावाशी भांडणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

"पयलं शिऱ्यानं घालवलं," त्या म्हणाल्या. "ह्ये बर्फानं घालवत हुते. माझं हातच तोडा."

"हात तोडले तर धार कोन काढनार?" गौतमी म्हणाली. "मला आता वाकाया येत न्हाई. आनि पयलं तुमी न्हाई घालवलं. साखर कुनी बघितलीच न्हाई, तर तुमाला कसं कळावं? उठा. दूध उतू चाललंय बघा."

दूध खरंच उतू चाललं होतं. लीलाबाई उठल्या.

शंभू मोटारसायकलवर पिरंगुटला जाऊन नवीन बाटली घेऊन आला, बर्फाच्या पिशवीत नव्हे तर थंड पाण्याच्या थर्मासशेजारी, कापडात गुंडाळून. औषधाच्या दुकानदाराला त्याने म्हणे तीनदा विचारलं, "गोठली न्हाई न्हवं?" आता कुणीही माणूस घाईने सुई भरून मोकळा झाला असता. गौतमी थांबली. तिने आधी मॅडमना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मॅडम, औषिद गोठलं हुतं. नवं आनलंय. पर डोस तुमी वाढवलाय तो पान्यावर वाढवलाय. आता ह्यो खऱ्या औषधाचा वाढीव घेतला तर मी खाली पडंन ना? आदीचाच घेऊ का?"

मग मॅडम म्हणाल्या, "आधीचाच घे. बरं झालं विचारलंस. दर वेळी तपासत राहा आणि मला कळव." आणि मग, डॉक्टरांच्या खास आवाजात, "पण फ्रीजरमध्ये ठेवलं कुणी? इतकं समजावून सांगितलं होतं मी!"

लीलाबाई चुलीपाशी उभ्या होत्या. हातात पक्कड, पक्कडीत दुधाचं पातेलं.

"मीच ठेवलं, मॅडम," गौतमी म्हणाली. "चुकून."

मॅडम पाच मिनिटं बोलल्या. बेजबाबदारपणा, बाळाचा जीव, शिकलेल्या मुली असं करायला लागल्या तर कसं, सगळं बोलल्या. गौतमी "व्हय मॅडम" आणि "चुकलं मॅडम" म्हणत राहिली. उलट उत्तर न देता तिने कुणाचं इतकं ऐकून घेतलेलं मी ना आधी पाहिलं ना नंतर. सूसच्या बायकांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही.

दोन दिवसांत साखर उतरली.

त्यानंतर लीलाबाईंनी पक्ष बदलला, आणि पक्ष बदललेल्या माणसाच्या उत्साहाने बदलला. इन्सुलिनच्या कप्प्याला त्यांनी हळदीकुंकू लावलं. पाहुणा आला आणि फ्रीजकडे नुसता वळला तरी "हात लावायचा न्हाई!" असा आवाज यायचा. पथ्याची मोहीम तर त्यांनी इतकी कडक केली की एका दुपारी मी माझ्याच चहात माझीच साखर घातली, तर त्यांनी कप काढून घेतला.

पण खरा पराक्रम डोहाळजेवणाचा. हिरवी साडी, फुलांचे दागिने, अंगणात सजवलेला झोपाळा, आळीतल्या सगळ्या बायका. या समारंभात एक खेळ असतो: झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, गर्भारशीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि निघेल ते तिला भरवायचं. बायका गोळा झाल्या, गाणी झाली, वाट्या आल्या. गौतमीने एक उघडली. आत भाजलेले शेंगदाणे.

एकीने दुसरी वाटी उघडून बघितली. काकडीच्या फोडी.

"पेढा कुटं हाय, लीलाबाई?" शेजारच्या गोजराबाईंनी विचारलं.

"पेढा न्हाई. शेंगदानं म्हंजी पोरगा, काकडी म्हंजी पोरगी. आमच्यात आसंच असतंय."

"कधीपास्नं?"

"आजपास्नं," लीलाबाई म्हणाल्या. "आनि कुनी पर्समधनं काय आनलं आसंल तर आत्ताच भाईर ठिवा."

तीन लाडू, एक बालूशाही आणि चुरमुऱ्याच्या पिशवीत लपवलेली जिलेबी बाहेर आली. ती सगळी माझ्या खोलीत पाठवण्यात आली, हा त्या घराने माझ्यावर केलेला एकमेव उपकार. गौतमी झोपाळ्यावर बसून शेंगदाणे खात होती आणि हसून हसून तिच्या कानातली फुलं गळून पडत होती.

दिवस भरत आल्यावर मॅडमनी ठरवलेल्या तारखेला तिला दाखल केलं. मुलगी झाली. वजन बेताचं, तीन किलोच्या आत, आणि आवाज लीलाबाईंचा. जन्मल्याबरोबर बाळाच्या टाचेला टोचून तिची साखर बघितली, तेव्हा लीलाबाई नर्सवर धावून गेल्या. साखर चांगली आहे म्हणाल्यावर त्याच नर्सला त्यांनी मिठी मारली. शेंगदाण्यांच्या भविष्याबद्दल मी आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "शेंगदान्याला काय कळतंय?" शंभू भिंतीला टेकून रडत होता. गौतमीने डोळे उघडून पहिलं काय विचारलं? "धार काढली का कुनी?"

इन्सुलिन बाळंतपणानंतर बंद झालं. दीड महिन्याने तपासलं, साखर ठीक होती. पुढे दर वर्षी बघायची आहे, आणि ती बघणार, याबद्दल कुणाला शंका नाही. मुलीचं नाव जुईली. परवा तिला आठवा महिना संपला. रांगते, म्हशींना हाका मारते, वॉचमनला ओळखते.

तिची लाळ गळते.